वैशाखातले तळे



वसंतातली व्याख्याने संध्याकाळीच का ठेवतात, हे कोणाला समजावून सांगायला नको. दिवसभर उन्हाने कावलेला माणूस सूर्य कलल्यावर घराबाहेर पडतो, त्याचे डोके जरा निवते आणि मग चार शब्द ऐकून घेण्याची त्याला इच्छा होते. आज मी आपणांस ज्या ठिकाणी नेणार आहे, तेथील वस्तीदेखील नेमकी याच वेळापत्रकाने चालते. सकाळी लवकर कामे उरकावीत, दुपारी सावली धरावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडावे. ही वस्ती म्हणजे गावालगतच्या तळ्याकाठचे पशुपक्षी होत. आणि ते तळे म्हणजे पुण्याच्या पश्चिमेस राम नदीवर बांध घालून केलेले पाषाणचे तळे. आपल्यापैकी कित्येकांनी ते बसमधून जाताना पाहिले असेल. परंतु जाताना पाहणे वेगळे आणि जाऊन पाहणे वेगळे.

आपल्या दख्खनच्या पठारावर निसर्गतः तयार झालेली तळी जवळजवळ नाहीतच. लोणारसारखा उल्केच्या आघाताने झालेला एखादा अपवाद सोडला, तर आपण ज्याला तलाव म्हणतो तो कोणीतरी, केव्हातरी, पाणी अडवून केलेला असतो. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या हौदांत खेळवलेले होते. गोदावरीवरचे नांदूरमधमेश्वर हे आज महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जगाच्या नकाशावर आहे. पण तेही एका बंधाऱ्यामागे साचलेले पाणीच. माणसाने आपल्या तहानेसाठी पाणी अडवले आणि पक्ष्यांनी ते आपले मानले, असा हा व्यवहार आहे. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला आपण मोटारी करून जातो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वतःच्या गावाचे तळे ज्याने एक उन्हाळाभर पाहिले नाही, त्याने दूरची तळी पाहून फारसे काही पाहिले असे मला वाटत नाही.

उन्हाळाच का?

पुष्कळांची समजूत अशी की, पक्षी पाहावेत ते हिवाळ्यात. उत्तरेकडून थापट्या, तलवार बदके आणि भुवई बदके येतात, काठावर धोबी पक्षी शेपट्या हलवीत हिंडतात, तळे गजबजून जाते. मार्च-एप्रिलपर्यंत हे पाहुणे परत फिरतात आणि त्यांच्याबरोबर दुर्बिणी घेऊन येणारी मंडळीही परत फिरतात. पण लग्नघरातले पाहुणे गेल्यावरच त्या घरची खरी माणसे आपल्याला दिसू लागतात, नाही का? तळ्याचे तसेच आहे. वैशाखात जे उरतात ते तेथले कायमचे रहिवासी. आणि त्यांच्यापैकी अनेकांचा संसार याच दिवसांत मांडला जातो.

दुसरे कारण पाण्याचे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची वाफ होण्याचे प्रमाण दिवसाला सुमारे ६ ते ८ मिलिमीटर असते. आकडा लहान दिसतो. पण महिन्याकाठी तो वीतभर होतो. तळ्याचा काठ उतरता व सपाट असेल, म्हणजे ५० फूट गेल्यावर १ फूट खोली वाढत असेल, तर पाणी वीतभर खाली जाताच कडेची जमीन सुमारे ३५ ते ४० फूट उघडी पडते. हीच ती चिखलाची पट्टी. आपण नाक मुरडून जिला घाण म्हणतो, तीच पट्टी उन्हाळ्यातले तळ्याचे खरे स्वयंपाकघर होय. गाळातल्या अळ्या, किडे, शंखगोगलगाई आणि उथळ डबक्यांत कोंडले गेलेले मासे येथे आयतेच हाती लागतात. तांबड्या काड्यांसारख्या लांबलचक पायांचा शेकाट्या या चिखलात अशी पावले टाकतो की, जणू नवी धोतरे सांभाळून चाललेला वऱ्हाडी!

तिसरे कारण रंगाचे. वंचक नावाचा एक लहान बगळा आहे; काही लोक त्याला ढोकरी म्हणतात. एरवी तो मातकट, रेघारेघांचा, काठाच्या मातीत मिसळून गेलेला असतो; तुम्ही पाच पावलांवर येईपर्यंत तो दिसतच नाही, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून तुम्हाला दचकवतो. हाच वंचक वळिवाचे ढग जमू लागण्याच्या सुमारास पाठीवर गडद तांबूस शाल पांघरल्यासारखा सजतो. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी झाक चढते. टिबुकली, म्हणजे ती बुटकी पाणबुडी, गळ्याला तांबूस रंग लावून बसते. हिवाळ्यातली नोंदवही घेऊन कोणी उन्हाळ्यात आला, तर त्याला हे पक्षी नवेच वाटावेत.

तळ्याचे मोहल्ले

तळे म्हणजे नुसते पाणी नव्हे. गावात जसे पेठांपेठांचे धर्म वेगळे, तसे तळ्याचेही आहे. मधले खोल पाणी बुडी मारणाऱ्यांचे : पाणकावळे, टिबुकल्या, आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी. पाणकणसांची दाट बेटे लाजऱ्यांची : तेथे पाणकोंबड्या आणि जांभळ्या पाणकोंबड्या वावरतात. चिखलाची पट्टी चालणाऱ्यांची. काठावरच्या बाभळी-करंजांच्या फांद्या टेहळणी करणाऱ्यांच्या. आणि पाण्यापासून थोडा वर असलेला मुरमाड माळ टिटवीचा.

नव्या माणसाने प्रथम सगळे तळे पायांखाली घालू नये. एक मोहल्ला निवडावा आणि तेथे बसावे. बसावे, असे मी मुद्दाम म्हणतो. चालणारा माणूस पक्ष्यांना संकट वाटतो; बसलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांनी झाडाच्या खोडात जमा होतो. त्यानंतर तळे पुन्हा आपल्या कामाला लागते.

मग काय काय दिसते? प्रथम खंड्या. आपल्या तळ्यावर त्याच्या निदान तीन जाती भेटतात. पांढऱ्या छातीचा, निळ्या पाठीचा, मोठ्या तांबड्या चोचीचा खंड्या तर गावातही दिसतो. त्याला मासेच पाहिजेत असे नाही, सरडे-नाकतोडेही चालतात. चिमणीहून थोडासा मोठा, निळ्या ठिणगीसारखा छोटा खंड्या पाण्यालगतच्या काटकीवर बसतो. आणि तिसरा काळ्या-पांढऱ्या कवड्यांचा कवड्या खंड्या. याची रीत न्यारी. हा पाण्यावर दोन-चार पुरुष उंचीवर एकाच जागी पंख फडफडवीत लटकून राहतो, चोच खाली रोखलेली; आणि मग दगड सोडावा तसा सरळ पाण्यात पडतो. दहा वेळा पडला तर दहाही वेळा मासा मिळतो असे नाही. मी एकदा मोजत बसलो होतो. हात हलवीत परत जाण्याचे प्रसंग त्याच्यावरही पुष्कळ येतात. हे पाहून मला आपल्या अपयशांविषयी बरे वाटू लागले.

टिबुकलीचे घर पाण्यावर तरंगते. सडलेल्या पाणवनस्पतींचा एक ओला ढीग, त्यावर तिची अंडी. घरट्यावरून उठण्याची वेळ आली की, चोचीने भराभर ओले गवत अंड्यांवर ओढून ती त्यांना झाकते आणि मगच पाण्यात उतरते. लांबून पाहणाऱ्याला तो केवळ कचरा वाटतो. पिले झाली की ती आईबापांच्या पाठीवर, पंखांच्या उबेत बसून जलविहार करतात. फक्त पट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर.

पक्ष्यांशिवायही पुष्कळ आहे. मुले ज्यांच्या शेपटीला दोरा बांधतात ते चतुर आणि त्यांच्या नाजूक बहिणी टाचण्या. ओळखण्याची सोपी खूण अशी की, बसल्यावर चतुराचे पंख आडवे पसरलेले राहतात, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. यांचे बालपण पाण्याखाली जाते. तेथे ही अळीसारखी पोरे डासांच्या अळ्या फस्त करतात. मग एखाद्या रात्री ती काडी धरून वर येतात, पाठीवर कातडी उकलते आणि आतून पंखांचा प्राणी बाहेर पडतो. सकाळी लव्हाळ्यावर रिकामी टरफले चिकटलेली दिसली तर ती ओळखून ठेवा. भर उन्हात काही चतुर शेपूट थेट सूर्याकडे उभारून बसलेले दिसतील. ही कसरत उगीच नव्हे. तसे बसल्याने अंगावर पडणारे ऊन कमीत कमी होते. छत्री नसलेल्या प्राण्याने काढलेली ही युक्ती आहे.

पाण्यात नाक वर काढून पोहणारा चौकड्यांचा दिवड दिसला तर दगड उचलू नका. तो बिनविषारी आहे आणि मासे-बेडूक खाऊन राहतो. संध्याकाळ दाटली की मोठी वटवाघळे येतात. फार उकाड्याच्या दिवसांत ती पाण्यावरून इतकी खालून उडतात की पोट पाण्याला घासते. मग झाडाला लटकून तो ओलावा चाटतात. अंग निवते आणि तहानही भागते. हे दृश्य मी प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, बिचारे पाण्यात पडते आहे!

कॅमेऱ्याची गोष्ट

आता छायाचित्रणाकडे वळू. कारण या विषयाला जमलेल्या श्रोत्यांत तरुण मंडळी बरीच आहेत आणि त्यांच्या पिशव्यांत काय आहे ते मला दिसते आहे.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी १८९२ साली घरट्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून ही वाट रुळली असे मानतात. आपल्या देशात चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने जंगलाच्या वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलाने वाघाचे चित्र रात्री काढण्याची युक्ती योजली आणि १९२७ साली त्यावर पुस्तक लिहिले. बंदूक हाती धरणाऱ्या पिढीत त्याने कॅमेरा हाती धरला, हे त्याचे मोठेपण. डॉ. सलीम अली यांचीही गोष्ट आपणांस ठाऊक असेल. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी त्यांना मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या दारात घेऊन गेली. आणि तेथून जो माणूस निघाला, त्याच्या १९४१ सालच्या पुस्तकाने साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवले.

माझ्या तरुणपणी कॅमेऱ्यात ३६ चित्रांची फिल्म असे. एकेक चित्र मोलाचे. म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा पाहत असे. आज एका सकाळी हजार चित्रे निघतात आणि त्यांना दमडीही लागत नाही. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण पाहणे स्वस्त झाले की काय, अशी भीती मात्र मला वाटते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पहिले आठ दिवस कॅमेरा घरी ठेवावा. एक साधी दुर्बीण, आठपट मोठे दाखवणारी पुरते. एक वही आणि पेन्सिल. कोण केव्हा येतो, कोठे बसतो, उडून पुन्हा त्याच फांदीवर येतो की नाही, हे टिपावे. खंड्याची बैठक ठरलेली असते. ती एकदा कळली, म्हणजे निम्मे छायाचित्र झालेच म्हणून समजा.

वेळ सकाळी सूर्योदयापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. याचे कारण केवळ आपली सोय नव्हे. दुपारचा प्रकाश डोक्यावरून पडतो. पक्ष्याच्या डोळ्याखाली व पोटाखाली काळी सावली येते, पिसांचा पोत नाहीसा होतो. शिवाय एक अडचण अशी की जिचा दोष पुष्कळजण आपल्या भिंगाला लावतात. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा सारखी वर उठत असते. तिची घनता जागोजाग वेगळी असल्याने प्रकाशाचे किरण वाकत-थरथरत येतात. उन्हात डांबरी रस्ता हलताना दिसतो तो याचमुळे. अशा हवेतून शंभर पावलांवरचा पक्षी कितीही महागड्या भिंगाने टिपला तरी चित्र धुवट येणार. उपाय दोनच : सकाळी जाणे, किंवा अंतर कमी असणे. आणि अंतर कमी करण्याचा सभ्य मार्ग म्हणजे आपण पुढे सरकणे नव्हे, तर एका जागी बसून पक्ष्याला जवळ येऊ देणे.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा. उभे राहून काढलेल्या चित्रात बदक ताटातल्या पुरीसारखे दिसते. जमिनीवर पालथे पडून काढलेल्या चित्रात ते आपल्या जगात राहणारा एक स्वतंत्र जीव वाटते. कपडे मळले तर मळू द्यावेत. तिपाई नसेल तर वाळू किंवा धान्य भरलेली एक लहान पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. ४०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून वापरायचे असेल, तर पडदा निदान सेकंदाच्या चारशेव्या भागात मिटला पाहिजे, हा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. पक्षी उडत असेल तर हजारावा भाग, आणि बुडी मारणाऱ्या खंड्यासाठी दोन हजारावा.

बगळ्याच्या चित्रात नवखा माणूस नेहमी फसतो. कॅमेरा हा फार हुशार पण एकांगी कारकून आहे. समोर जे येईल ते सरासरी करड्या रंगाचे असणार, असे तो धरून चालतो. गडद पाण्यावर लहानसा बगळा असला की तो पाण्याकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या ढेकळासारखी सपाट होतात. तेव्हा प्रकाश आपण कमी करावा. उलट चौकटभर बगळाच असेल, तर तो त्याला करडा करून टाकतो. तेव्हा प्रकाश वाढवावा. काय पाहतो आहोत हे यंत्राला कळत नाही. ते आपल्याला कळले पाहिजे.

एक चित्र आणि चार अंडी

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगण्यात मला भूषण वाटत नाही.

कित्येक वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, तळ्याच्या वरच्या अंगाला मुरमात मला टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. आत चार अंडी; मातकट, वर काळसर डाग, टोके आत वळलेली. पाऊल पडण्याच्या आधी दिसली एवढेच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली, जोडीदारही आला. मी मागे सरलो, तीस-एक पावलांवर तिपाई उभी केली आणि ती अंड्यांवर येऊन बसेल याची वाट पाहू लागलो. सकाळचे दहा वाजून गेले होते. ती येई, दहा पावलांवर थांबे, मान वर करून ओरडे आणि पुन्हा उडे. मी म्हणालो, आता बसेल, मग बसेल. असा पाऊण तास गेला. अखेरीस ती आली. चोच उघडी, पंख सैल, अंड्यांवर सावली धरून उभी. चित्र उत्तम आले. पुढे ते पुष्कळांनी वाखाणले.

परत निघालो तो बांधावर एक म्हातारबाबा म्हशी राखीत बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय सायेब, लई येळ हुबं होता उन्हात?"

मी म्हणालो, "हो बाबा, टिटवीचा फोटो काढत होतो."

ते म्हणाले, "तुमी टोपी घातलीया. तिच्या अंड्यास्नी टोपी न्हाई."

एवढेच बोलून ते म्हशींकडे गेले. मला त्या वेळी त्याचा अर्थ पुरता उमजला नाही. पुढे शास्त्र वाचल्यावर उमजला. अंड्यातल्या जीवाला साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. ४२-४३ अंशांच्या पलीकडे फार वेळ गेला तर तो तग धरत नाही. आणि मेच्या उन्हात उघड्या मुरमाचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर तापतो. म्हणजे थंड देशातला पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी. आपली टिटवी दुपारी अंड्यांवर उभी राहते ती ऊब वारण्यासाठी! मी तिला पाऊण तास ज्या कामापासून दूर ठेवले, ते काम म्हणजे तिच्या पोरांचा जीव वाचवण्याचे होते. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. मी चार आठवड्यांनी आणि नंतरही लांबून पाहिले. एक अंडे नाहीसे झाले होते. माझ्या येण्याजाण्याने कावळ्याला पत्ता लागला असेल. उरलेली तीन तशीच पडून होती.

टिटवी अभद्र म्हणून आपल्याकडे तिचा आवाज ऐकून माणसे कानांवर हात ठेवतात. पाय वर करून ती आभाळ पेलते, अशीही तिची थट्टा आहे. पण आपल्या पंचतंत्रात समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी भांडायला उठलेली टिटवी आहे, हे आपण विसरतो. त्या गोष्टीत समुद्राला अखेर अंडी परत द्यावी लागली. मला तो मार्ग नव्हता.

या अनुभवानंतर मी एक नियम केला. घरटे दिसले की पाऊल मागे, आणि कॅमेरा पिशवीत. पक्ष्याने खाणे थांबवले, मान ताणली, ओरडू लागला, की समजावे, आपण उंबरठा ओलांडला आहे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही मोडते. हाती बंदूक नसली तरी आपण शिकारी ठरू शकतो, हे त्या कायद्याने फार नेमके सांगितले आहे. तसेच पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणे, झुडपाच्या फांद्या छाटून घरटे उघडे करणे, आणि घरट्याची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करणे, हेही टाळावे. एक माणूस पाऊण तास उभा राहतो. त्याचे पाहून दहाजण आले, तर साडेसात तास होतात.

दोन उन्हाळ्यांनंतर मी पुन्हा टिटवी पाहिली. या वेळी सत्तर-ऐंशी पावलांवरून, बाभळीच्या सावलीत बसून, नुसती दुर्बीण घेऊन. दुपार चढत होती. ती अंड्यांवरून उठली, जोडीदार जागेवर आला, आणि ती चालत पाण्यापर्यंत गेली. पाण्यात बसली, पोट घुसळले, आणि निथळत्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर टेकली. ओल्या पदराने मुलाचे कपाळ पुसावे तसे. हे ती पुन्हा पुन्हा करीत होती. त्या दृश्याचे चित्र माझ्याजवळ नाही. त्या वर्षी पिले झाली. पहिल्याच दिवशी ती चालू लागतात. आईने इशारा दिला की जागच्या जागी मातीला चिकटून निपचित होतात, आणि मग शोधून सापडत नाहीत.

वहीचे मोल

शेवटी एक विनंती. आपली वही जपून ठेवा. तारीख, वेळ, आभाळ, पाण्याची कड कोणत्या दगडापर्यंत आहे, कोणते पक्षी किती, कोण काय करीत होते. एवढे पाच मिनिटांत लिहून होते. एका दिवसाच्या नोंदीला मोल नाही; पाच वर्षांच्या नोंदींना आहे. आता अशा नोंदी एकत्र जुळवण्याची सोयही झाली आहे. देशातल्या हजारो हौशी माणसांनी दिलेल्या टिपणांवरूनच २०२३ साली भारतातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती मांडणारा अहवाल तयार झाला. कोणते पक्षी कमी होत आहेत, हे ज्या देशाला कळते, ते शाळामास्तर, टपालखात्यातले कारकून आणि सुट्टीतली मुले यांच्या वह्यांवरून कळते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि या वह्यांची गरज आपल्या तळ्यांना आज आहे. शहर वाढते तसे सांडपाणी तळ्यात उतरते. त्यावर जलपर्णी माजते आणि पाण्याचा उजेड व प्राणवायू तोडते. मग तळे सुधारण्याची कामे निघतात. सुधारणा हवीच. पण सुधारणा म्हणजे काठाला उभी दगडी भिंत, फिरायला फरशी आणि रात्री दिवे, असा जो ठरीव नमुना गावोगाव दिसतो, त्यात चिखलाची पट्टी प्रथम नाहीशी होते. आणि चिखलाबरोबर शेकाट्या जातो, वंचक जातो, टिटवी जाते. तळे आंघोळ करून बसलेले दिसते, पण त्याचे स्वयंपाकघर मोडलेले असते. गाळ काढायचा तर उन्हाळ्यातच काढावा लागतो, हे मलाही कळते; तेव्हा एका अंगाचा या वर्षी, दुसऱ्या अंगाचा पुढच्या वर्षी, आणि कोठल्या अंगाला कोणाची घरटी आहेत ते आधी विचारून, असे का होऊ नये? विचारणाऱ्याला उत्तर देता यावे, म्हणून वही पाहिजे. "येथे पक्षी असतात" या वाक्याने कोणतेही काम थांबत नाही. "या दगडापासून त्या बाभळीपर्यंत, गेली पाच वर्षे, एप्रिल ते जून, टिटवीची इतकी घरटी," या वाक्याला मात्र उत्तर द्यावे लागते.

म्हणून उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, जरा लवकर उठावे. पाण्याची बाटली, वही आणि डोक्याला टोपी घ्यावी. तळ्याकाठी एखादी सावली पाहून बसावे. टिटवी ओरडली तर समजावे की ती आपल्याला अभद्र सांगत नाही. ती आपल्याला थोडे मागे सरायला सांगत आहे. मागे सरावे. मग ती गप्प होईल, आपल्या कामाला लागेल, आणि जे पाहायला आपण आलो ते आपल्याला दिसू लागेल.